यंत्र येईपर्यंत

“कावळा का शिवला नाही, महाराज?”

प्रल्हादरावांनी नमस्कारही केला नव्हता. आईचे तेरावे उरकून ते आज पहिल्यांदाच मठाची पायरी चढले होते. मुंडन केलेल्या डोक्यावर टोपी होती, काखेत एक खोके होते.

सोमगिरी महाराज ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी बाजूची सतरंजी दाखवली.

“बसा, वकीलसाहेब. काय कबूल केलंत कावळ्याला?”

प्रल्हादराव सेलूकर हे जिल्हा न्यायालयातले नावाजलेले वकील. समोरच्याला निरुत्तर करण्यात त्यांचा हातखंडा होता आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. दहाव्याला घाटावर मात्र त्यांचे शब्द तोकडे पडले. आईच्या पिंडापुढे हात जोडून त्यांनी शपथ घेतली, की यंत्र विकणाऱ्या त्या कंपनीला मी कोर्टात खेचीन, नाक घासायला लावीन. कावळे पिंपळावरून हलले नाहीत. ऊन चढले. बहिणीने काही कबूल केले, भाच्याने काही कबूल केले. अखेरीस भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवविला.

“यंत्र कसलं?”

प्रल्हादरावांनी सारे सांगितले. आईला ऐकू येत नसे. टीव्हीवर जाहिरात लागे, की हे कानात घाला आणि शेजारच्या घरातली कुजबुजही ऐका, आठवड्यात घरपोच. त्यांनी लगोलग आईच्या नावाने मागवले. यंत्र गौरींना यायचे होते. दसरा गेला, दिवाळीही गेली. फोनवरची मुलगी दर वेळी तितक्याच गोड आवाजात सांगे, की माल निघाला आहे. प्रल्हादरावांनी आवाज चढवला, की तक्रार नोंदवल्याबद्दल ती त्यांचेच आभार मानी.

यंत्र आले ते दहाव्याच्या दुपारी. घाटावरून परतलेली मंडळी दारात पाय धूत होती. खोके घेऊन आलेल्या माणसाने विचारले, “रेणुकाबाई कोण? सही त्यांचीच लागेल.”

महाराजांचे हात थांबले.

“चालतं का ते?”

“कानात घालून पाहिलं. नुसती शिट्टी वाजते.” प्रल्हादरावांनी खोके सतरंजीवर आदळले. “जीव यातच अडकला होता तिचा. दाराकडे डोळे लावून बसायची. यांनी तिला वाट पाहायला लावून मारलं, महाराज.”

“फसवलं आहे त्यांनी. दावा जरूर लावा.” महाराजांनी पुढची शेंग घेतली. “यंत्र मागवण्याआधी कसं बोलायचात तिच्याशी?”

कानाशी ओरडून, प्रल्हादराव म्हणाले. रोज संध्याकाळी तिच्या खाटेवर बसून, तळहाताचा आडोसा करून ते कोर्टातल्या गमती सांगत. साऱ्या गल्लीला त्या ऐकू जात. आईला अर्ध्याच कळत. हसे मात्र ती पुरेपूर.

“आणि मागवल्यावर?”

“मागवल्यावर…”

यंत्र तर येणारच आहे, मग घसा कशाला फोडायचा, असे त्यांना वाटले होते. सगळे एकदमच सांगू. आई काही विचारू लागली, की ते नुसता पंजा उभा धरीत. थांब. येतंय.

“काय विचारायची?”

प्रल्हादराव खोक्यावरचा पत्ता वाचू लागले.

“वकीलसाहेब, काय विचारायची?”

“शेवटी शेवटी एकच. ‘प्रल्हादा, रागावलास का रे माझ्यावर?’”

“मग?”

“सांगणारच होतो. त्यांनी वेळेवर दिलं असतं, तर सांगितलंच असतं.”

महाराज शेंगा सोलत राहिले.

प्रल्हादरावांनी खोके पुढे सरकवले आणि विचारले, दावा जिंकल्यावर तरी आईला शांती मिळेल का.

महाराजांनी पंजा उभा धरला.

प्रल्हादराव थांबले. दर्शनाला आलेले एक जोडपे पाया पडून गेले. उन्हाची तिरीप ओसरीवरून खाली उतरली. सूप शेंगांच्या सालपटांनी भरले. त्यांनी पुन्हा विचारले.

पुन्हा पंजा.

न्यायाधीशांच्या दारात ताटकळण्याची प्रल्हादरावांना आयुष्यभराची सवय होती. हे वाट पाहणे निराळे होते. आपले काय चुकले, तेही कळेना. उठून जावे, तर पाय उचलेना. महाराज त्यांच्याकडे पाहतही नव्हते.

“महाराज…” ते जवळ सरकले. “रागावलात का माझ्यावर?”

शब्द तोंडातून निघून गेल्यावर ते कोणाचे, हे त्यांनी ओळखले.

महाराजांनी हातातली शेंग खाली ठेवली. प्रल्हादरावांच्या डोळ्यांत पाहिले आणि हळूच मान हलवली. नाही.

प्रल्हादरावांनी खोके हळूच बाजूला सरकवले.

“आलं ऐकू?” महाराज म्हणाले.