नरसिंहाचा उजवा कान

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक गुप्तहेर राहत असे. नाव हरेश, वय वीस, आणि त्याने आजवर पकडलेले सगळे चोर मोबाइलच्या आतले होते.

तो खेळ त्याला त्याच्या मोठ्या बहिणीने, प्रमिलाताईने दिला होता. खेळात आपण तपास अधिकारी व्हायचं, वस्तीभर फिरायचं, लोकांशी बोलायचं आणि गुन्हेगार शोधायचा. देतानाच ताईने बजावलं होतं, "नवा आहेस म्हणून सांगते. प्रत्येकाचं बोलणं शेवटपर्यंत ऐक, कंटाळा आला तरी. कोपऱ्यातला कचरासुद्धा बघ. आणि आरोप सगळ्यात शेवटी कर."

हरेशला एवढा धीर कुठला! पडद्यावर कुणी लांबण लावलं, की तो अंगठ्याने बोलणं पुढे सरकवायचा. जरा संशय आला की नाव घेऊन मोकळा व्हायचा. नाव चुकलं तर मागे नेणारं बटण होतंच. ते दाबलं की खेळ आरोपाच्या आधीच्या जागी परत जायचा, आणि तो निर्दोष माणूस काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा समोर उभा असायचा. असं करत करत स्वारीने सगळा खेळ संपवला. त्या बटणाची गोष्ट मात्र त्याने गावात कुणालाही सांगितली नाही. गावाला एवढंच ठाऊक, की आपला हरेश चोर पकडण्यात पटाईत आहे.

मग बोहाडा आला. बोहाडा म्हणजे देवांचे मुखवटे घालून नाचण्याचा उत्सव. दिवेलागणीला सोंगं निघायची होती, आणि सकाळी देवळाच्या माळ्यावरची पेटी उघडली तर नरसिंहाचा मुखवटा गायब! साऱ्या गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

उत्सवाचे कारभारी देवरामबाबा यांनी हरेशला बोलावून घेतलं.

"तुझी हुशारी आज गावाच्या कामी लाव," ते म्हणाले. "पण जपून हां. मुखवटा चोरल्याचा डाग ज्याच्यावर लागेल, त्याच्या घराला पुन्हा कधी सोंग मिळत नाय."

हरेश माळ्यावर चढला. धुळीत पावलं उमटली होती. एक नीट पडलेलं, दुसरं फरफटत गेलेलं. असं चालणारा गावात एकच माणूस होता, बाळकूबाबा. नरसिंह नाचवण्याचा मान वर्षानुवर्षं त्यांचाच. गुडघा दुखावल्यामुळे यंदा ते शेवटचे नाचणार होते, पुढच्या वर्षी मुखवटा पुतण्याकडे जायचा होता. हरेशच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मान जातोय म्हणून म्हाताऱ्याने मुखवटाच पळवला! पेटीच्या तळाशी कागदाचा बारीक चुरा पडला होता. तो त्याने फुंकर मारून उडवला आणि पेटी बंद केली.

देवळाच्या पायरीवर जानकीआजी बसली होती.

"हरेश, बस जरा," ती म्हणाली. "सकाळपासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. उजाडताना बाळकू आला होता माझ्याकडं. चिंचोके आहेत का म्हणला. मी म्हणलं, आज सणाच्या दिवशी कशाला रे तुला चिंचोके? आमच्या सुनेनं मागल्या वर्षी सगळे..."

गोष्टीत सून आली, मागलं वर्ष आलं. हरेशचा जीव अर्धा झाला.

"आजी, नंतर," म्हणत तो निघाला. त्याचा अंगठा नकळत हवेत सरकला होता.

बाळकूबाबांच्या दाराशी पोहोचेपर्यंत अर्धं गाव त्याच्या मागे जमलं. हरेशने कडी वाजवली. दार बोटभर उघडलं.

"बाबा, मुखवटा तुमच्याकडे आहे?"

बाळकूबाबांनी मान हलवली. हो. गर्दीत एकच गलका उठला.

"का नेलात?"

बाबांनी दार आतून आणखी लोटून धरलं.

"दिवेलागणीपर्यंत थांबा," ते म्हणाले. "मीच घेऊन येतो. आता आत नका येऊ. पाया पडतो तुमच्या."

हरेश थबकला. दिवेलागणीला अजून पुष्कळ अवकाश होता. ताईचं बोलणंही त्याला आठवलं. पण सगळ्या गावाची नजर त्याच्यावर खिळली होती, आणि मुदत मागणारा माणूस मागच्या दाराने पळतो, हे त्याने खेळात पाहिलं होतं.

"हेच चोर!" तो ओरडला. "ढकला दार!"

हरेशवर राग काढणं सोपं आहे. पण त्या गर्दीतल्या एकानेही 'थांबा' म्हटलं नाही, हेही सांगायला हवं.

दार उघडलं. आत गोणपाटावर नरसिंह होता. त्याचा कागदी उजवा कान उंदरांनी कुरतडून टाकला होता. त्या जागी कागदाचा नवा कान बसवलेला होता, आणि तो चिकटवायला केलेली चिंचोक्याची खळ अजून ओली होती. शेजारी रंगाची वाटी कालवून ठेवलेली. थोडंसंच काम उरलं होतं.

लोकांनी डोळे झाकले, पण उशीर झाला होता. त्या गावचा नेम पोराटोरांनाही पाठ होता. मोडका मुखवटा कुणाला दाखवायचा नाही, त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, गुपचूप दुरुस्त करायचा. आणि तो तसा गावाच्या नजरेला पडलाच, तर त्या वर्षी ते सोंग निघत नाही. नेम सगळ्यांना माहीत होता. मुखवटा मोडला असेल, एवढंच कुणाच्या मनात आलं नव्हतं.

बाळकूबाबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मुखवट्यावर पांघरलं.

"बाबा, चुकलं माझं," हरेश कसाबसा म्हणाला. "पुढच्या वर्षी तुम्हीच नाचा. मी सगळ्यांच्या पाया पडेन."

"गाव हो म्हणेल रे पोरा," बाळकूबाबा म्हणाले. "गुडघा नाय म्हणणार. तो यंदापुरताच कबूल झाला होता."

हरेशचा अंगठा हलला. मागे नेणारं बटण तो शोधत होता. हातात मोबाइलही नव्हता.

दिवेलागणीला संबळ वाजला. नरसिंहाची जागा मोकळी ठेवून बाकीचे देव नाचत पुढे गेले. बाळकूबाबा ओट्यावर बसून गुडघ्यावर ताल धरत होते. हरेशला ते बघवेना. तो देवळाच्या पायरीवर जानकीआजीजवळ जाऊन बसला.

"आजी, सकाळची गोष्ट सांग. पहिल्यापासून."

"आता ऐकून काय करशील?" आजी म्हणाली. तरी तिने सांगितली. सून आली, मागलं वर्ष आलं, चिंचोके आले. हरेशने एकदाही तिला तोडलं नाही.

तात्पर्य: काम कुणाचं हे कळलं तरी ते का केलं हे कळलेलं नसतं. सगळं ऐकून घेतल्याशिवाय कुणाला चोर म्हणू नये. खेळात मागे जाता येतं, माणसाच्या दारातून मागे फिरता येतं ते फक्त दार ढकलण्याआधी.