धाकू गुरवाची वळचण

ही गोष्ट कौलं यायच्या फार आधीची. तेव्हा कोंडसरात घरं गवतानं शाकारलेली आणि भिंती मातीच्या. भिंतीला कान असतात म्हणतात. कोंडसरच्या भिंतींना दातही होते. वीतभर जागेपायी सख्खे भाऊ एकमेकांच्या दारचं पाणी पीत नसत.

असे दोघे भांडले की धाकू गुरवाकडे यायचे. धाकू देवीचा पुजारी, गावाच्या वतीनं तिला गाऱ्हाणं घालणारा. पण त्याची रीत जगावेगळी. तो दोघांना देवळात समोरासमोर बसवायचा आणि म्हणायचा, "तू तेचा गाऱ्हाणा घाल. तो व्हय म्हणत नाय तवसर मी नारळ फोडूचंय नाय." म्हणजे आपलं रडगाणं गायचं नाही, समोरच्याचं दुःख आपल्या तोंडानं देवीला सांगायचं. वैऱ्याच्या तोंडून आपलं दुःख ऐकताना भलेभले विरघळायचे. समोरचा "व्हय म्हाराजा" म्हणाला की तंटा मिटला. धाकूनं फोडलेल्या नारळावर उठलेलं घर कधी पडलं नाही, असं म्हणतात. धाकू स्वतःही तसंच म्हणू लागला होता, आणि तिथंच त्यानं माती खाल्ली.

शिवराम आणि लवू हे दोघे भाऊ. धाकट्या लवूनं वेगळं निघून थोरल्याच्या भिंतीला खेटून घर बांधायचं ठरवलं. शिवरामला धास्ती एकच: लवूच्या छपराच्या पागोळ्या सबंध पावसाळा आपल्या भिंतीवर पडणार. बोलाचाली झाली, कोयते निघाले आणि शेवटी दोघे देवळात आले. सारा गाव जमला.

लवू उभा राहिला. "आई, माज्या घरान दादाची वाट अडतली. वैनीक पाण्याक जावक फेरो पडतलो."

पागोळ्यांचं नावच नाही. पण गाऱ्हाणं थांबलं की "व्हय म्हाराजा" म्हणायचं, हे आमच्याकडे पोरं आईच्या दुधाबरोबर शिकतात. सगळा गाव एका सुरात म्हणाला. शिवरामच्याही तोंडून निघून गेलं. देवीसमोर गेलेला शब्द फिरवायचा कसा, म्हणून तो मान खाली घालून बसला. धाकूला ते खटकलं, त्यानं शिवरामकडे एकदा पाहिलंसुद्धा. पण आपला नारळ कधी फुकट जात नाही, या तोऱ्यात त्यानं तो फोडला.

लवूचं घर उठलं, आणि श्रावणात त्याच्या पागोळ्यांनी भिजून शिवरामची भिंत बसली. आत शिवरामची बायको सगुणा भात कांडत होती. तिला ढिगाऱ्यातून काढली तेव्हा मुसळ हातातच होतं.

धाकू धावत आला. शिवराम त्याच्यावर ओरडला नाही. "गुरवानू," तो म्हणाला, "व्हय मी नाय म्हटलंय. तोंडान म्हटल्यान."

धाकू तसाच दोन घरांमधल्या चिखलात, लवूच्या वळचणीखाली, पागोळ्यांना पाठ देऊन बसला. लोकांनी विनवलं, देवीची पूजा खोळंबली म्हणून सांगितलं. "ह्या पाणी माजा," एवढंच तो म्हणाला. असं म्हणतात, की त्या दिवसापासून शिवरामच्या उरल्यासुरल्या भिंतींवर थेंब उडाला नाही. सारं पाणी धाकूच्या पाठीत जिरत गेलं. लवूनं रडत रडत छप्पर मागं छाटलं, तरी पागोळ्या धाकूचीच पाठ शोधत आल्या. पाऊस सरला तेव्हा तिथं धाकू नव्हता. माणूस बसावा एवढा काळा दगड होता, आणि भर उन्हातही तो ओला असायचा. सगुणा काही परत आली नाही. भावाभावांत पुन्हा कधी बोलणं झालं नाही, असंही म्हणतात.

कोंडसरात आता स्लॅबची घरं झाली. तरी पाया खणण्याआधी दोन्ही शेजारी त्या दगडापाशी जातात आणि बांधणारा शेजाऱ्याचं गाऱ्हाणं घालतो. जमलेला गाव तोंडात अख्खी सुपारी धरून उभा राहतो, सवयीनं कुणाचं तोंड चालू नये म्हणून. सुपारी नसते ती फक्त या दोघांच्या तोंडात. शेजारी "व्हय" म्हणेपर्यंत कुदळ उचलायची नाही. कधी कधी तो गप्पच राहतो. मग बांधणारा पुन्हा पहिल्यापासून सांगू लागतो, आणि शेजाऱ्याला कुणी घाई करत नाही, पाऊस तोंडावर आला असला तरी.