मानाचं पान

सरदार शमशेररावाच्या स्वारांनी गाव जाळलं, तेव्हा वाचलेली माणसं नदी ओलांडून सकवारबाईंच्या अन्नछत्रात आली. दुसऱ्याच दिवशी खुद्द सरदार दारात हजर!

"माझी रयत बाहेर काढा!" तो गरजला.

"पंगत बसलीय," बाई म्हणाल्या. "भरल्या पानावरून कुणाला उठवू नये."

सरदाराने स्वारांसमोर मिशीला पीळ दिला. "देवीची आण! पंगत उठेपर्यंत कुणाला हात लावणार नाही."

जेवणं झाली, पानं चाटूनपुसून झाली, तरी कुणी हलेना.

"उठत का नाहीत?"

"पाहुणा जेवल्याशिवाय पंगत उठते होय? मानाचं पान तुमचंच मांडलंय. बसा."

भुकेजलेल्या सरदाराने पाट ओढला, भाताला हात घातला.

"सावकाश जेवा," बाई म्हणाल्या. "फक्त आज मीठ या लोकांच्या गाठोड्यातलं आहे. खाल्ल्या मिठाला जागावं लागेल."

सरदाराचा घास हातातच राहिला. जेवावं तर मीठ आड येतं, न जेवावं तर पंगत उठत नाही! तो घास टाकून घोड्यावर बसला.

धूळ नदीपार गेल्यावर बाई हसून म्हणाल्या, "चला, हात धुवा. तेवढं मानाचं पान मात्र उचलू नका. ते मांडलेलं आहे तोवर पंगत उठलेली नाही."