उष्टा हात

एका नगरात एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्यासह शेठजींच्या घरी बारशाला जेवायला गेले. शेठजी दानशूर होते. मात्र ज्याचा बोभाटा होत नाही अशा दानावर त्यांचा विश्वास नसे. वैद्यांच्या औषधालयाचे छप्पर त्यांनीच घालून दिले होते, आणि हे साऱ्या पंगतीला ठाऊक होते.

पहिला वरणभात कालवला गेला. शेठजींच्या दिवंगत भावाची सहा-सात वर्षांची मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होती. ती वैद्यांच्या पानापाशी आली, तोच तूप वाढणाऱ्याला हाक मारण्यासाठी शेठजींनी हात उंचावला. तांब्या खणकन पडला. मुलगी मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी तिने डोके झाकून घेतले. बाह्या कोपरापर्यंत घसरल्या. हातांवर भाजल्याचे डाग होते. काही जुने, एक अगदी ताजा.

"वेंधळी आहे हो पोरटी!" शेठजी हसले. पंगतही हसली.

वैद्य मात्र पानावरून उठले. शिष्य हातातला घास तसाच धरून पाहत राहिला. भरल्या पंगतीतून उठणे म्हणजे यजमानाचा चारचौघांत अपमान! त्याहून भयंकर हे की, हात धुतल्याशिवाय औषधाच्या डबीलाही शिवू न देणारे गुरुजी उष्ट्या हाताने कोतवालाच्या चावडीकडे चालू लागले होते.

"गुरुजी, निदान हात तरी धुवा!" शिष्य मागून धावत म्हणाला.

"धुवायला थांबलो असतो, तर शेठजी पंचा घेऊन पुढे आले असते. काय झाले, म्हणून गोडीने विचारले असते. आणि मी भिडेखातर 'काही नाही' म्हणून परत पानावर बसलो असतो."

"पण आपली खात्री आहे?"

"नाही."

"मग खोटे ठरले तर?"

"तर शेठजींचे पाय धरीन. त्यांनी छप्पर काढून नेले, तर उन्हात बसून औषध देईन. खात्री करणे हे चावडीचे काम आहे, बाळा. शंका तिथवर पोचवणे एवढेच माझे. मी खात्रीची वाट पाहत बसलो, तर तो एकेक दिवस ती पोर अंगावर काढील."

शिष्य रस्त्यातच थांबला. "गुरुजी, मी तिला तीनदा मलम दिले आहे. चुलीशी भाजले म्हणाली. दर वेळी जागा निराळी होती. मलम लागू पडले, म्हणून मला आनंदच झाला होता."

"तीनदा?" वैद्यांचा चेहरा पांढराफटक पडला. रागावण्याचेही भान त्यांना राहिले नाही. ते फक्त भरभर चालू लागले.

कोतवालाने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मुलीचे नाव काय?"

वैद्यांना ते ठाऊक नव्हते. त्यांनी शिष्याकडे पाहिले. शिष्याला ते छप्पर आठवले, शेठजींचे हसू आठवले, आणि मग डोक्यावर धरलेले ते दोन इवले हात आठवले.

"वेणू," तो म्हणाला. "मला आणखीही ठाऊक आहे. लिहून घ्या."

कोतवाल दोन शिपाई आणि एक वयस्क दाई घेऊन तत्काळ निघाला. शेठजींकडे अजून पंगत उठली नव्हती.

तेव्हा कुठे वैद्यांनी पाणी मागितले. शिष्याने त्यांच्या हातावर तांब्या ओतला.

आपल्यालाही असे एखादे मूल दिसले, तर हात नंतर धुवावेत.