भिवरानं अडवलेली पानवेल

एक होता राजा. त्याच्या राज्यात सोन्याच्या खाणी नव्हत्या, हत्ती नव्हते, होते नुसते पानमळे. पण पान असं, की जिभेवर ठेवलं की विरघळलंच. सगळं राज्य त्या पानांवर जगायचं, बरं का.

एकदा काय झालं, डोंगरापलीकडच्या मुलखात मर आला. मर म्हणजे राक्षसच, पण तिळाहून लहान. त्याला ना पाय, ना पंख. रोपाच्या मुळाशी माती असते ना, त्या मातीत बसायचं आणि लोकांच्या कडेवरून गावोगाव फिरायचं, हे त्याचं काम. मळ्यात उतरला की मुळं खातो. आज हिरवीगार दिसणारी वेल उद्या मान टाकते.

मग राजानं दवंडी पिटली. बाहेरचं रोप, बाहेरची वेल, बाहेरची माती डोंगरातल्या खिंडीच्या आत येणार नाही. आणि खिंडीच्या दाराशी राखणीला बसवलं भिवराला. भिवरा कशी, तर एकदा नाही म्हटलं की नाही.

आधी आला एक व्यापारी, गाडीभर गुलाबाच्या कुंड्या घेऊन. म्हणाला, "मावशी, गुलाबाला कुठं मर लागतो?"

"माती तिकडचीच ना?" भिवरा म्हणाली. गाडी माघारी गेली.

मग आला राजाचा मेहुणा, राणीसाठी चाफ्याचं रोप घेऊन. म्हणाला, "मी कोण, ओळखलंस का?"

"तुम्हाला ओळखलं, सरकार. रोपाची ओळख नाही."

तो तणतणत राजाकडे गेला. राजा म्हणाला, "दवंडी माझीच आहे. आता मी काय करू?"

तिसऱ्यांदा आली भिवराची लेक, सुगंधा. डोंगरापलीकडे दिली होती तिला. पायांवर धूळ, डोळे सुजलेले, डोक्यावर टोपली आणि टोपलीत एक पानवेल.

"आई, तिकडचे सगळे मळे गेले गं. सासूबाईंच्या हातची ही एवढीच राहिली. डोळे मिटताना म्हणाल्या, हिला जगव."

वेल अशी तुकतुकीत, की कुणालाही मोह पडावा. भिवरानं लेकीला पोटाशी धरलं. मग टोपली उतरवून बाजूला ठेवली.

"तू अंघोळ कर, जेव. ही बाहेरच राहील."

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुझ्यावर आहे. त्या मातीवर नाही."

सुगंधा रुसली. टोपली उचलली आणि खिंडीबाहेरच्या उघड्या कातळावर जाऊन बसली. मग भिवरा काय करते? दिवसा दार राखायची आणि दिवस मावळला की भाकरी बांधून लेकीजवळ जायची. सुगंधा भाकरी खायची, पण बोलायची नाही.

असे बरेच दिवस गेले. एका सकाळी सुगंधा बघते, तर वेलीची खालची पानं पिवळी पडून लोंबताहेत. "आई," म्हणाली, "ही मी मळ्यात लावली असती."

भिवरानं 'बघ, सांगत होते' असं काही म्हटलं नाही, बरं का. तिनं लेकीच्या हातात विळा दिला. "मर खालून वर चढतो. शेंडा अजून ताठ आहे. मर तिथवर पोचायच्या आत काढून घे."

मग दोघींनी चणे भाजतात तशी वाळू कढईत भाजली, म्हणजे तिच्यात मर असला तरी जळून जाईल. वाळू निवल्यावर तिच्यात शेंडा लावला. उरलेली वेल, माती, टोपली, सगळं कातळावरच जाळलं. पण थोड्या दिवसांनी तो शेंडाही सुकायला लागला. मग पुन्हा वाळू भाजली आणि त्याचा शेंडा घेतला. तोही सुकायला लागला. मग त्याचाही शेंडा घेतला, बोटाच्या पेराएवढा. एवढंच उरलं होतं ना सासूबाईंचं.

पावसाळा गेला, हिवाळा गेला, उन्हाळाही सरला. तो शेंडा काही सुकला नाही. त्याला पानं फुटली, नवे फाटे फुटले. मग राजा स्वतः कातळावर आला, पान न् पान उलटून बघितलं आणि म्हणाला, "येऊ द्या हिला आत."

सासूबाईंची वेल मळ्यात चढली आणि राज्य सुखानं पानं खात राहिलं. मर अजून डोंगरापलीकडे बसलाय, कुणी कडेवर घेतंय का बघत. पण खिंडीच्या दाराशी आता दोघी बसतात, आणि लेक आईपेक्षा कडक आहे. तेव्हा तुम्ही बिनघोर झोपा बघू.