वाऱ्याच्या माथी खापर

एका उथळ उपसागरात एक फटकळ कासवीण राहत असे. तिथल्याच वाळूत ती दरवर्षी अंडी घाली, आणि जेलीफिश हे तिचे आवडते खाणे. एका वर्षी मात्र जेलीफिशच्या झुंडीच्या झुंडी आल्या. कासविणीचे पोट तट्ट फुगले, तरी पाणी मोकळे होईना. लहान मासे डंखांनी मरू लागले.

शार्क राजाने दरबार भरवला. कारभारी खेकड्याने निकाल आधीच ठरवून ठेवला होता. "वाऱ्याने त्यांना ढकलत आणलं. दोष वाऱ्याचा!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

"वारा दरवर्षीच वाहतो की!" कासवीण म्हणाली. "मग गेल्या साली का नाही आले?"

"गप बस, म्हातारे!" खेकड्याने नांग्या वाजवल्या. "फुकट गिळायला मिळतंय, तरी कुरकुर?"

"नाही बसत गप! तारल्या मासोळ्या आणि जेलीफिश, दोघांचं खाणं एकच, पाण्यातले बारीक जीव. यंदा महाराजांनी मेजवानीसाठी तारल्या फस्त केल्या, त्यांनी अंडी घालण्याआधीच. उरलेल्या खाण्यावर जेलीफिश माजले. वाऱ्याने त्यांना फक्त किनाऱ्याला आणलं, महाराज. वाढवलंत तुम्ही!"

शार्कने दात दाखवले. "दोष वाऱ्याचा म्हण, नाहीतर हा किनारा सोड."

अंडी घालायचे दिवस तोंडावर आले होते. कासविणीने वाळूकडे एकदा डोळे भरून पाहिले. "किनारा सोडते," ती म्हणाली, "पण वाऱ्यावर खोटा आळ घेणार नाही." आणि ती निघून गेली.

पुढच्या वर्षी उरल्यासुरल्या तारल्यांची पुन्हा मेजवानी झडली. आता तारल्या नावालाच उरल्या होत्या, आणि कासवीणही नव्हती. जेलीफिशनी सारा उपसागर भरला. शार्कचे तोंड डंखांनी भोपळ्यासारखे सुजले. खेकडा धापा टाकत कासविणीकडे पोहोचला. "चला बाईसाहेब! महाराजांनी तुम्हाला माफ केलंय."

"मला? वा रे वा! चूक कोणाची ते महाराजांनी भर दरबारात सांगावं, आणि तारल्यांना अंडी घालू द्यावीत. मग येते."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर वाऱ्यालाच बोलवा की जेलीफिश खायला!"

शेवटी शार्कने भर दरबारात, सुजल्या तोंडाने, आपली चूक सांगितली. मेजवानी बंद झाली. तेव्हा कुठे कासविणीने आपल्या वाळूत पाऊल टाकले.

तात्पर्य : संकट दाराशी आणणाऱ्याला सगळेच बोल लावतात, पण ते पोसणाऱ्याचे नाव घ्यावे, मग त्यापायी घर सोडावे लागले तरी बेहत्तर.