जावांचा टेंब

हा टेंब तुम्ही धापा टाकत चढून आलात, त्याच्या माथ्यावर जांभ्या दगडाच्या या दोन चुली बघा. शेजारी शेजारी, दोन्हींची तोंडं समुद्राकडे. यांवर कोणी भात शिजवत नाही. वर्षातून एकदा, माघ वद्य दशमीला, आमच्या वाडीतल्या जावा इथे जाळ करतात; पण तो करण्याआधी दोघींनी एकमेकींना एक गोष्ट मोठ्याने सांगायची असते. कोणती, ते ओघात येईलच. खाली माझ्या जावेने, इंदूने, तुम्हाला सोलकढी दिली, आणि तुम्ही दोन-दोन पेले पिऊन तिची तारीफ केलीत. मी ऐकलं. असो.

दीपगृह नव्हतं तेव्हाची ही गोष्ट, असं सांगतात. होड्या दिवेलागणीनंतर परतायच्या त्या या टेंबावरचा जाळ बघून. जाळाच्या रोखाने आलं की खाडीचं तोंड सापडे. चुकून उत्तरेला सरकलं तर कासवखडक, तिथे होडीचं फळकूटही हाती लागत नसे. जाळाची पाळी घराघरात वाटलेली होती. एका घरात दोन जावा होत्या, थोरली आवडू आणि धाकटी शेवंती. आवडूने बारा वर्षं पाळी केली, एक दिवस चुकवली नाही, पण 'जाळ बरा झाला' असं कोणी कधी म्हटलं नाही. मग शेवंती लग्न होऊन आली. ती लाकडं उभी रचायची, मध्ये करवंट्या भरायची, आणि तिचा जाळ माडाएवढा सरळ उठायचा म्हणे.

एकदा आवडूचा नवरा जेवताजेवता आवडूलाच म्हणाला, "आज शेवंतीची पाळी आसतली. खाडीचा तोंड लांबसूनच गावला."

आवडूने त्याला कालवण वाढलं. पण त्या दिवसापासून तिला शेवंतीचं काहीच बघवेना. तिची वेणी नको, तिचं हसणं नको, तिने रचलेली लाकडं तर नकोच नको. हेवा वाईट असतो असं लोक म्हणतात. मी म्हणते, पोटात दाबून ठेवलेला जास्त वाईट.

पुढच्या माघात, वद्य दशमीला, शेवंतीने दुपारीच लाकडं रचली आणि ती मासळी सुकवायला खाली गेली. आवडू घागर घेऊन वर आली आणि तिने सगळी लाकडं भिजवली. माणसं बुडावीत असं तिच्या मनात नव्हतं हो. तिने सुकी मोळी करवंदीच्या जाळीमागे लपवली होती. शेवंतीचा जाळ पेटणार नाही, वाडी तिला नावं ठेवील, मग आपण मोळी घेऊन धावू आणि आपलं नाव होईल, एवढाच तिचा हिशेब.

तिन्हीसांज झाली. शेवंती चुलीशी फुंकून फुंकून रडकुंडीला आली, धुराशिवाय काही निघेना. आवडू मोळी काढायला वळली, आणि उत्तरेचं आभाळ लाल झालं. सूर्य तर पश्चिमेला कधीच बुडाला होता. तरी उत्तरेला क्षितिजापासून लाल उजेड उठला, वर चढला, हलू लागला. तुमच्यातले हे दादा मघाशी म्हणाले की असा उजेड थंड देशांत दिसतो, आपल्याकडे शतकात एखाद्या वेळी. असेल. आमच्या लोकांनी तो ना आधी पाहिला होता ना नंतर. वाडीतली सगळी माणसं देवळाकडे पळाली.

समुद्रावरच्या पाच होड्यांतल्या माणसांनी मात्र हात जोडले नाहीत. टेंबावर काळोख, उत्तरेला तांबडं. त्यांना वाटलं, हा शेवंतीचाच जाळ. आवडूने वरून पाहिलं, पाचही शिडं कासवखडकाकडे वळली होती. पहिल्या होडीत तिचा नवरा होता आणि शेवंतीचाही.

"मीच पानी ओतलंय गो," आवडू ओरडली. "माका तुजो हेवो वाटता!"

शेवंतीने तिच्याकडे एकदा पाहिलं. "मगे रड. आधी सुकी लाकडां खंय ती सांग."

लाल आभाळासमोर एक जाळ कोणाला दिसणार? म्हणून शेवंतीने मोळीचे दोन भाग केले आणि शेजारी शेजारी दोन जाळ उभे केले. आभाळाला चुली मांडता येत नाहीत. एका ओळीत दोन दिवे दिसले की माणसाचा हात कळतो. शिडं फिरली. पहिल्या होडीचा तळ खडकाला घासून फुटला होता, पाणी उपसत उपसत ती किनाऱ्याला लागली.

आवडूचा नवरा उतरला आणि आधी तिलाच म्हणाला, "शेवंतीन आज केवढो जाळ केल्यान गो! आभाळाक लागलो!"

म्हणजे आभाळाचं श्रेयसुद्धा शेवंतीलाच. पण या वेळी आवडू सगळ्यांसमोर बोलली, "अजून वाटता हेवो!" त्यावर शेवंती म्हणाली, "माकाय वाटता. तुजो घोव होडयेतसून उतरल्यार आधी तुज्याशी बोलता. माजो कोणाशीच बोलना नाय." मग दोघी वाळूत बसून रडल्या, असं सांगतात.

आजही माघ वद्य दशमीला थोरली जाऊ सुकी लाकडं आणते, धाकटी खापरात निखारे आणते, आणि दोघींनी आपापला हेवा बोलून दाखवल्याशिवाय चुली पेटवत नाहीत. मी थोरली, इंदू धाकटी. चौतीस वर्षं आम्ही चढलो. गेल्या वर्षी तिला टेंब चढवेना. निखारे तिच्या सुनेने वर आणले, इंदू खालीच दगडावर बसली. मी तिच्या सोलकढीचा हेवा बोलायचं ठरवूनच आले होते. तेवढ्यात ती खालून सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडली, "माका तुज्या गुडघ्यांचो हेवो वाटता गो!"

त्यापुढे माझं सोलकढीचं अगदीच किरकोळ. सून निखाऱ्यांवर फुंकत उभी. शेवटी मी दुसरंच काही ओरडले, कारण न बोलता पेटवायचं नाही. काय ओरडले ते इंदूला विचारा. आणि खाली गेलात की अजून एक पेला मागा, तिला बरं वाटेल.